परतीचा दोर

कोझुमेल बेटावर नदी नाही. ओढा नाही, ओहोळ नाही. पाऊस मात्र असा कोसळतो की कोकणातल्या माणसाला घरची आठवण यावी. आणि तो थांबला की तासाभरात रस्त्याकडेचं पाणी दिसेनासं होतं. बोटीतून उतरलेल्या प्रवाशाला याचं काही वाटत नाही, कारण तो आलेला असतो समुद्रासाठी. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पासमोर कॅरिबियन समुद्रात पसरलेलं हे सुमारे 48 किलोमीटर लांबीचं चपटं बेट प्रवाळांसाठी प्रसिद्ध आहे. सकाळी धक्क्याला मोठमोठी क्रूझ जहाजं लागतात, संध्याकाळी निघून जातात. आतल्या जंगलाकडे फारसं कुणी वळत नाही. आम्ही मात्र त्या नाहीशा होणाऱ्या पाण्याच्या मागावर आलो होतो.

हे सगळं बेट चुनखडकाचं. खडक सच्छिद्र, त्यामुळे पडलेलं पाणी जमिनीवर ठरतच नाही, सरळ पोटात उतरतं. खाली त्याला भेटतो समुद्र. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. बेटाच्या आतल्या भागात विहिरी खणून गावाला पाणी पुरवतात ते याच थरातून. उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ लागतं, त्यामागचा खेळही हाच.

पण चुनखडकात या खेळाचा पुढचा अंक होतो. खडकातून झिरपताना गोडं पाणी चुना विरघळवून घेऊन तृप्त झालेलं असतं. समुद्राचं पाणीही आपल्या जागी तृप्तच. मात्र ही दोन तृप्त पाणी एकमेकांत मिसळली की त्या मिश्रणाला पुन्हा भूक लागते, आणि ते खडक खाऊ लागतं. जिथे गोडं आणि खारं भेटतं तिथेच भुयारं पोखरली जातात. हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. तेव्हा ही भुयारं कोरडी पडली, छतातून थेंब ठिबकत राहिले, झुंबरं लटकली, खांब उभे राहिले. बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि सगळा महाल पुन्हा पाण्यात गेला. कुठे छत कोसळलं तर आकाशाकडे उघडं तोंड तयार झालं. त्यालाच सेनोते म्हणतात. आपला सह्याद्री लाव्ह्याचा. बसाल्ट असा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या गुंफा माणसाला छिन्नी घेऊन खोदाव्या लागल्या. इथे पाण्याने एकट्यानेच काम केलं आहे.

गुहेत बुडी मारायची म्हटलं की आपल्या लोकांना 2018 सालचं थायलंड आठवतं. थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, ब्रिटिश गुहा-पाणबुड्यांनी त्यांना शोधून काढलं. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला द्यायला आपल्या किर्लोस्करांची तज्ज्ञ मंडळीही तिथे पोचली होती, त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांत ते दिवस चांगलेच गाजले. त्या सुटकेत थायलंडच्या नौदलाचा माजी जवान समन कुनान गेला. हवेच्या टाक्या आत ठेवून परतताना त्याची स्वतःची हवा संपली. माझ्या आईच्या लक्षात नेमकं तेवढंच राहिलं होतं. त्यामुळे मी आणि माझा डॅलसचा मावसभाऊ मेक्सिकोत “पोहायला” चाललोय, एवढंच घरी सांगितलं होतं.

आम्ही दोघेही समुद्रातले पाणबुडे. मी तारकर्लीला शिकले, मग अंदमान, लक्षद्वीप असं करत अनुभव जमवला. दादाने अमेरिकेत सगळी प्रमाणपत्रं ओळीने मिळवलेली. तो ज्या गोष्टीला हात घालतो ती यादीवर खूण करून संपवतो. पण आमची प्रमाणपत्रं इथे उपयोगाची नव्हती, आणि हे सांगायला दुसरा कुणी लागला नाही. पाण्याखाली गुहेच्या तोंडाशीच पाटी आहे: मृत्यूचं चित्र, आणि गुहेचं प्रशिक्षण नसेल तर याच्या पुढे जाऊ नका, जीव गमवावा असं आत काहीही नाही, अशा अर्थाचा इशारा. फ्लोरिडापासून युकातानपर्यंत अशा पाट्या जागोजागी लावलेल्या आहेत. समुद्रात काही बिघडलं तर डोक्यावर आकाश असतं, सावकाश वर यायचं. गुहेत डोक्यावर दगड असतो. वर जाण्याची वाटही तुम्ही आलात त्या तोंडापाशीच असते, मग ते तोंड कितीही मागे राहिलेलं असो. समुद्रात मुरलेला माणूस इथे जास्त धोक्यात, कारण अडचण आली की वर जायचं हे त्याच्या अंगात भिनलेलं असतं.

हे शास्त्र मुख्यतः फ्लोरिडात घडलं, आणि ते मेलेल्या माणसांवरून घडलं. तिथल्या झऱ्यांच्या गुहांत साठ-सत्तरच्या दशकांत माणसं भराभर बुडू लागली. त्यांतली काही तर इतरांना शिकवणारी होती. शेक एक्सली नावाचा गणिताचा शिक्षक, स्वतः पट्टीचा गुहा-पाणबुड्या, त्याने या अपघातांची कारणं एकेक करून तपासली. 1979 साली त्याने छोटंसं पुस्तक काढलं, त्यात निष्कर्ष अगदी साधे होते. बाहेरपर्यंत अखंड दोर नव्हता. परतीसाठी पुरेशी हवा राखली नव्हती. झेपेल त्यापेक्षा खोल गेले होते. पुढे त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली: प्रशिक्षण नसणं आणि पुरेसे दिवे नसणं. या पाच कारणांपलीकडे गुहेत माणूस क्वचितच मरतो. आज जगभर शिकवले जाणारे नियम म्हणजे याच पाच ओळींचा विस्तार. खुद्द एक्सली 1994 च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्याच साकातोन नावाच्या अतिखोल विवरात, खोलीचा विक्रम करायच्या प्रयत्नात गेला. वर्गात ही गोष्ट सांगितली जाते, पण कुणी त्यावर प्रवचन झोडत नाही. ऐकणाऱ्याने काय घ्यायचं ते घ्यावं.

आमचे मास्तर कोझुमेलचेच. त्यांना स्पॅनिशमध्ये मास्तरच म्हणतात, “माएस्त्रो”, त्यामुळे आम्हाला नवा शब्द शोधावा लागला नाही. बुटके, शांत, बोलण्यात काटकसर. पहिल्या दिवशी ओल्या अंगाची तयारी करून गेलो तर ते आम्हाला बागेत घेऊन गेले. हातात रीळ दिलं: प्लॅस्टिकच्या चाकावर गुंडाळलेली, पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड पांढरी नायलॉनची दोरी. झाडाझाडाला तिचा वेढा देत, ती कुठेही ढिली पडू न देता, बागेच्या दुसऱ्या टोकाला जायचं. मग डोळे मिटून, अंगठा आणि तर्जनीचं कडं करून, दोरीवरून बोटं सरकवत परत यायचं. शाळेतून सुटलेली पोरं थांबून बघत होती. एकाने काहीतरी टोमणा मारला, मास्तरही हसले, आणि आम्हाला पुन्हा सुरुवातीला पाठवलं.

त्या बागेत काही गोष्टी बोटांना कळल्या. दोरी ताणलेली नसेल तर ती कोपऱ्यावर खडकाच्या फटीत जाऊन बसते. फट अशी अरुंद की दोरी आत जाते, माणूस जात नाही. डोळे उघडे असताना ही चूक दिसत नाही. दिवा विझला, गाळ उठला, की दोरी असूनही नसल्यासारखी. म्हणून प्रत्येक वेढा घालताना विचार करायचा तो येण्याचा नव्हे, आंधळेपणाने परतण्याचा. दोरीवर ठरावीक ठिकाणी प्लॅस्टिकचे छोटे त्रिकोणी बाण अडकवलेले असतात. बाणाचं टोक नेहमी जवळच्या बाहेरच्या वाटेकडे. तेही हाताने वाचायचे.

आपल्याकडे सिंहगडाची गोष्ट लहानपणापासून ऐकवतात. तानाजी पडला, मावळे मागे फिरू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचं सांगून त्यांना पुन्हा लढायला उभं केलं. परतीचे दोर कापणं ही आपल्या भाषेत शौर्याची परिसीमा आहे, आणि शाळेपासून ऑफिसपर्यंत आपण एकमेकांना तोच सल्ला देत असतो. इथे सगळा अभ्यास त्याच्या अगदी उलट. परतीचा दोर बांधता येतो का, जपता येतो का, त्यावरून हात न काढता त्याच्याबरोबर राहता येतं का, यावर माणसाची किंमत ठरते. मला विचाराल तर या खेळाला धाडसी खेळ म्हणणं चुकीचं आहे. धाडसी माणसाला मास्तर पाण्यात उतरू देत नाहीत.

पाण्यातलं पहिलं काम म्हणजे पोहणं विसरणं. समुद्रात आपण पाय वरखाली मारतो. गुहेत तसं केलं तर तळाचा गाळ उठतो, आणि हा गाळ पिठासारखा बारीक, एकदा उठला की तासन् तास बसत नाही. म्हणून बेडकासारखे पाय घ्यायचे, गुडघे दुमडून, फिन्स वर आकाशाकडे ठेवून, पाण्याला मागे ढकलायचं. मागे जायचं असेल तर उलट. जागच्या जागी वळायचं असेल तर एका पायाने. हात छातीपुढे, हलवायचे नाहीत. शरीर आडवं, टाचांपासून टाळूपर्यंत एका रेषेत, आणि श्वासावर खोली सांभाळायची. बुडबुडेसुद्धा निर्दोष नाहीत, ते वर जाऊन छताला लागतात आणि तिथला भुगा पावसासारखा खाली येतो. मास्तर आमचं चित्रीकरण करायचे आणि रात्री दाखवायचे. स्वतःला पाण्यात तिरपं लोंबकळताना पाहणं ही आत्मपरीक्षणाची फार परिणामकारक पद्धत आहे.

साहित्य सगळं दुहेरी. पाठीवर दोन टाक्या, त्या एकमेकींना जोडलेल्या आणि गरज पडली तर तोडता येणाऱ्या. श्वास घेण्याचे दोन स्वतंत्र रेग्युलेटर, त्यातल्या एकाची नळी दोन मीटरांहून लांब, म्हणजे जोडीदाराची हवा संपली तर अरुंद भुयारातून एकामागे एक जातानाही त्याला ती पुरवता येते. दिवे तीन, एक मुख्य आणि दोन राखीव. मुख्य दिवा विझला की बुडी संपली, राखीव दिव्यांवर फक्त बाहेर यायचं.

हवेचा हिशोब तिहेरी. एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, तिसरा जोडीदारासाठी. टाकीत 210 बार दाब असेल तर 70 बार संपताच वळायचं, म्हणजे काटा 140 वर आला की मागे. दोघांच्या टाक्या सारख्या नसतील तर ज्याच्याकडे कमी त्याचा हिशोब दोघांना. हे ऐकायला ऐसपैस वाटतं. प्रत्यक्षात अगदी टोकाला पोचल्यावर एकाची सगळी हवा गेली, तर उरलेल्या दोन भागांवर दोघांनी यायचं असतं, आणि तेव्हा दोघांचेही श्वास धपापत असतात. म्हणजे तिसरा हिस्सा ही चैन नाही, जेमतेम निभावणी आहे. आमच्यासारख्या नवशिक्यांना तर त्याच्याही निम्मं, सहावा हिस्सा. शिवाय वाट एकच, दोर एकच, फाट्यांवर वळायचं नाही. तिथून पुढची पायरी पूर्ण गुहेची, तेव्हा कुठे फाटे मोकळे होतात.

आणि एक नियम हिशोबाबाहेरचा. कुणीही, कुठल्याही क्षणी, कुठल्याही कारणाने अंगठा वर केला की सगळ्यांनी परतायचं. का, असं विचारायचं नाही. वर आल्यावरही नाही. दादाला हे सर्वांत जड गेलं. “अगं, निदान कारण तर कळायला हवं ना?” तो जेवताना म्हणाला. मी म्हटलं, “दादा, कारण द्यावं लागणार असेल तर निम्मे लोक अंगठा वर करणारच नाहीत.” तो काही बोलला नाही, पण ते त्याला पटलं नव्हतं. बैठकीतून विनाकारण उठून गेलेला माणूस त्याने आजवर पाहिलेला नव्हता.

एरोलितो दे पाराइसो हे सेनोते गावाच्या दक्षिणेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जवळच बोटींचा धक्का. वरून पाहिलं तर झाडाझुडपांत दडलेलं हिरवट पाण्याचं डबकं, त्याची छायाचित्रं काढायला कुणी येणार नाही. समोरच्या मुख्य भूमीवरच्या सेनोत्यांत निळंशार पाणी, काचेसारखं स्वच्छ, त्यात उन्हाचे झोत, लांबच लांब झुंबरं, ते सगळं इथे विसरायचं. या बेटावरच्या खाजणांत मगरी आहेत, म्हणून मास्तर उतरण्याआधी काठ नजरेखालून घालतात. मगच टाक्या चढवायच्या.

उघड्या पाण्यात, जिथून थेट वर येता येईल अशा जागी दोरीची पहिली गाठ. गुहेच्या तोंडाच्या आत दुसरी, कारण पहिली कुणी चुकून सोडली तरी दुसरी राहावी. मग आतल्या कायमच्या दोराला आपली दोरी जोडायची. हे सगळं शेवाळी, गढूळ, कोमट पाण्यात. थोडं खाली गेल्यावर पांढुरका ढगासारखा थर लागतो. त्यातून जाताना तोंडाला सडक्या अंड्यासारखी चव येते. हा हायड्रोजन सल्फाइड, आणि खडकांवर लोंबणारी कापसासारखी पांढरी जाळी म्हणजे त्याच्यावर जगणारे जिवाणू. थर ओलांडला की खाली अचानक स्वच्छ.

मग गोडं आणि खारं भेटतं ती सीमा. साखरेच्या दाट पाकात पाणी ओतल्यावर दोन्ही मिसळेपर्यंत जशा तेलकट लाटा दिसतात, तसं समोरचं सगळं एकाएकी वितळू लागतं. मास्तरांच्या फिन्स, दोर, स्वतःचा हात, कशालाच धड कड राहत नाही. मास्क बिघडला की डोळे बिघडले असं वाटतं. सीमेच्या थोडं वर किंवा खाली राहिलं की पुन्हा ठीक. तिच्यात राहून पाय मारले की मागच्याला काही दिसत नाही. शिवाय खाऱ्या पाण्यात शरीर वर ढकललं जातं, ओलांडताना तोलाचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. वर्गात फळ्यावर काढलेल्या दोन आडव्या रेघा इथे अंगाला लागतात. खडक खाल्ला जातो तो याच पट्ट्यात, हे आठवलं आणि मी बाजूची भिंत पाहिली. ती खरंच कुरतडलेली होती, स्पंजासारखी भोकाभोकांची.

आणि त्या भिंतीवर तारामासा होता.

गुहेत तारामासा ही भलतीच गोष्ट. हे प्राणी उघड्या समुद्रातले. पण या भुयारांना समुद्राकडे जाणाऱ्या वाटा आहेत, त्यांतून खारं पाणी आतबाहेर करतं, आणि त्याच्याबरोबर कधीकाळी हेही आत आले. एरोलितोमधला कोपिडास्टर कॅव्हर्निकोला हा तारामासा 2010 साली नवी जात म्हणून नोंदला गेला. सापासारखे बारीक वळवळते हात असलेल्या त्याच्या एका भाऊबंदाला, ओफिओनेरेइस कोम्युटाबिलिसला, 2019 साली नाव मिळालं, तोही याच गुहेतला. जगातल्या पाण्याखालच्या गुहांत या कुळाची इतकी गर्दी सहसा सापडत नाही. माझ्या दिव्याच्या वर्तुळात आलेला लांब, सडपातळ हातांचा होता. मी त्याच्याकडे किती वेळ पाहिलं माहीत नाही. मास्तरांनी दिव्याने दोराकडे खूण केली. माझा हात दोरापासून जरा जास्तच लांब गेला होता.

या बेटाच्या पाण्याखालच्या गुहांतला आणखी एक रहिवासी आहे, तो आम्हाला दिसला नाही. 1979 साली जिल येगर यांना बहामामधल्या ग्रँड बहामा बेटावरच्या गुहेत एक चमत्कारिक प्राणी मिळाला. लांबट, पांढरा, डोळेच नसलेला, दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांची रांग, आणि पोहतो उताणा. 1981 साली त्यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा खेकडे-कोळंब्यांच्या विशाल कुळात एक पूर्ण नवा वर्ग उघडावा लागला, रेमिपीडिया. पुढे 2013 मध्ये कळलं की या गटातला युकातानचा एक सदस्य विषारी आहे. कवचधारी प्राण्यांत विषाचा असा पुरावा पहिल्यांदाच मिळत होता. कोझुमेलची स्वतःची जात 2017 साली नोंदली गेली, झिबालबानस कोझुमेलेन्सिस. माया लोकांच्या पाताळाचं नाव झिबाल्बा, त्यावरून हे कुलनाम. अंधारात, खाऱ्या थरात, गोड्या पाण्याच्या छपराखाली हा जीव राहतो. त्याला पाहायचं तर आमच्या सहाव्या हिश्शाची हवा पुरणारी नव्हती.

या जीवांचं आणि गावातल्या नळाचं पाणी एकाच खडकातून फिरतं. जमिनीवर ओतलेलं काहीही, सांडपाणी असो की क्रूझ पर्यटकांनी थापलेलं सनस्क्रीन, चुनखडकात गाळलं जात नाही, सरळ खाली जातं. समोरच्या किनाऱ्यावर नव्या माया रेल्वेचे खांब कित्येक ठिकाणी थेट गुहांचं छत फोडून उतरवले गेले, त्यावर मोठं वादळ उठलं. त्याचा विषय निघाला तेव्हा मास्तरांनी नेहमीसारखं एकच वाक्य म्हटलं: वर राहणाऱ्याला खालचं दिसत नाही. त्यांच्या आवाजात चीड नव्हती, पण त्या संध्याकाळी ते नंतर बोलले नाहीत.

हरवलेल्या दोराचा सराव सगळ्यांत कठीण, त्यावर सगळी भिस्त. मास्कवर काळं कापड चढवतात. मास्तर तुम्हाला दोरापासून थोडं बाजूला नेऊन, दिशा चुकवून सोडतात. आता कमरेचं छोटं रीळ सोडवायचं, हाताशी लागेल त्या खडकाच्या सुळक्याला त्याची दोरी बांधायची आणि ती धरून एका दिशेला सरकत, हात वरखाली झाडत, मुख्य दोर शोधायचा. नाही सापडला तर गुंडाळत परत, मग दुसरी दिशा. स्वतःची गाठ सोडायची नाही, कारण आता जगात तुम्हाला माहीत असलेली जागा तेवढीच. पहिल्या काही क्षणांत श्वास घोड्यासारखा उधळतो. मला सुळका मिळेना. जिथे हात लावावा तिथे खडक भुसभुशीत, हातात येऊन सुटायचा. थांबले. श्वास मोजला. मग ढोपराला काहीतरी टोचलं, तोच माझा सुळका. पुढे बराच वेळ काहीच नाही. मग मनगटाच्या मागच्या बाजूला केस लागावा तसा दोर लागला. त्यावरून बोटं नेत नेत बाणापर्यंत गेले, त्याचं टोक अंगठ्याने चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि त्या बाजूला वळले. कापड काढलं तेव्हा मास्तर हातभर अंतरावर होते, सगळा वेळ तिथेच असणार.

दादाने दोर माझ्यापेक्षा कितीतरी लवकर शोधला. शोधला आणि निघाला, झपाझप, सफाईने, अगदी सरळ रेषेत, गुहेच्या आतल्या बाजूला. वाटेत बाण होता. त्याच्या बोटांना तो लागलाही, पण तो वाचायला थांबला नाही. मास्तरांनी थोडं अंतर जाऊ दिलं आणि मग खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्या दिवशी टेबलावर माझे कागद सही होऊन आले, त्याचे आले नाहीत. समुद्रातले अभ्यासक्रम पैसे भरले, पाण्यात उतरलं, की बहुधा पार पडतातच. गुहेचे तसे नाहीत. मास्तरांनी फार स्पष्टीकरण दिलं नाही. बाकी सगळं उत्तम आहे, एवढी एक गोष्ट पुन्हा करू, मग सही करतो, कधी यायचं ते सांगा. दादा गोरामोरा झाला. पन्नाशीतला माणूस, हाताखाली दीडशे लोक, नापास व्हायची सवय कधीच मोडलेली. बाहेर आल्यावर बराच वेळ फुटपाथवर उभा राहिला. मी म्हटलं, “चल, काहीतरी खाऊ.” तो म्हणाला, “बरोबर आहे गं त्यांचं. मी बाण वाचलाच नाही.”

संध्याकाळी त्याने परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि वहिनीला फोन लावला. पाणी, हवामान, जेवण, असं सगळं सांगून झाल्यावर हळूच म्हणाला की जरा उशिरा येतो, एक छोटंसं राहिलंय. वहिनी पलीकडून म्हणाली, “नापास केलं ना तुला? मग आता माझी काळजी मिटली. त्यांना सांग, सही करायची घाई करू नका.”